नाव खरे, संसार रचलेला

एप्रिल 2024 मध्ये जॉन रिचर्डसन आणि लूसी बोमाँट या दोन ब्रिटिश विनोदकारांनी आपण विभक्त होत असल्याचे जाहीर केले. निवेदन मोजक्या ओळींचे होते. नऊ वर्षांच्या संसारानंतर दोघांनी मिळून घटस्फोटाचा निर्णय घेतला आहे आणि आपल्या मुलीच्या हितासाठी आपला खासगीपणा जपला जावा, एवढेच त्यात म्हटले होते. दुसऱ्या एखाद्या जोडप्याच्या बाबतीत विषय कदाचित तिथेच थांबला असता. परंतु या दोघांनी 2020 पासून ब्रिटनमधील 'डेव्ह' या वाहिनीवर 'मीट द रिचर्डसन्स' ही मालिका केली होती. तिच्या पाच सीझनमध्ये ते जॉन आणि लूसी याच नावांनी, नवरा-बायको म्हणूनच, एकमेकांवर वैतागताना आणि एकमेकांना सांभाळून घेताना दिसत होते. साहजिकच घोषणेनंतर जुन्या भागांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. अमुक प्रसंगातला तिचा त्रागा खरा असला पाहिजे, तमुक प्रसंगात त्याने मान फिरवली तेव्हाच काहीतरी बिनसले असले पाहिजे, असे तर्क लढवणे सोपे होते, कारण हाताशी तासन्‌तासांचे चित्रण होते आणि त्यातली माणसे स्वतःच्याच नावाने वावरत होती.

मला ही वृत्ती चुकीची वाटते, आणि ती केवळ शिष्टाचाराच्या दृष्टीने चुकीची आहे असे नाही. लिहून, बसवून, चित्रित करून आणि संकलित करून तयार झालेली कलाकृती ही साक्ष किंवा जबानी म्हणून वाचणे, ही कलेच्या आकलनातली चूक आहे. कलावंताने स्वतःचे नाव पात्राला दिले म्हणून त्याचा संसार प्रेक्षकांच्या मालकीचा होत नाही. मात्र हे म्हणताना त्याचीच दुसरी बाजूही मान्य करावी लागते. स्वतःचे नाव वापरण्याचा हक्क कलावंताला त्याच्या स्वतःपुरताच असतो. ज्याने अशा वापराला होकार दिलेला नाही आणि ज्याला तो देण्याची समज अजून आलेली नाही, त्याचे नाव आणि त्याचे बालपण वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

आधी ही मालिका काय होती, ते पाहिले पाहिजे. तिचा बाज मॉक्युमेंटरीचा, म्हणजे माहितीपटाचे रूप घेतलेल्या कल्पित विनोदी कथेचा. वेस्ट यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिजच्या परिसरात राहणारे विनोदकार जोडपे, त्यांच्या घरात वावरणारे कॅमेरा पथक, शेजारीपाजारी, कामानिमित्त भेटणारी मंडळी आणि अधूनमधून स्वतःच्याच नावाने येणारे इतर नामवंत, असे तिचे जग होते. मालिका लूसी बोमाँट आणि टिम रीड यांनी लिहिली होती. रीड हे ब्रिटिश विनोदकार पीटर के यांच्या 'कार शेअर' या गाजलेल्या मालिकेच्या लेखकांपैकी एक. म्हणजे कॅमेरा घरात ठेवून दिला आणि जे घडेल ते टिपले, असा हा प्रकार नव्हता. दोन अनुभवी लेखकांनी प्रसंग रचले होते, त्यांतील विनोदाची चढण ठरवली होती, आणि चित्रण करताना कलाकारांनी त्यात उत्स्फूर्तपणे भर घातली होती. पडद्यावरचे जॉन आणि लूसी हे प्रत्यक्षातल्या जॉन आणि लूसी यांच्या स्वभावातील एकेक धागा ओढून, ताणून, ठळक करून घडवलेले होते.

जॉन रिचर्डसन यांची ही प्रतिमा मालिकेच्या कितीतरी आधीपासून तयार होती. '8 आउट ऑफ 10 कॅट्स' या विनोदकारांच्या दोन संघांत रंगणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात संघनायक म्हणून ते वर्षानुवर्षे दिसत होते आणि टापटिपीबद्दलचा त्यांचा अतिरेकी आग्रह हा तिथला नेहमीचा विषय होता. 2012 मध्ये त्यांनी चॅनल फोरसाठी ओसीडी या, तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक विकारावर एक माहितीपटही केला होता, ज्यात आपल्या सवयी नेमक्या कोणत्या मर्यादेपर्यंत स्वभाव आहेत आणि कुठून आजार ठरतात याचा त्यांनी शोध घेतला. लूसी बोमाँट हल या शहरातल्या. 2012 मध्येच बीबीसीचा नवोदित विनोदकारांसाठीचा पुरस्कार त्यांनी मिळवला. त्यांच्या रंगमंचीय रूपात हलची बोली, भलत्याच दिशेने जाणारे तर्कशास्त्र आणि व्यवहाराशी असलेला सैल संबंध हे सगळे आधीपासूनच होते. अशी दोन तयार व्यक्तिमत्त्वे एका छपराखाली आणली की नाट्य आपोआप उभे राहते असे वाटते खरे, पण ते तसे आपोआप उभे राहत नाही.

मॉक्युमेंटरी विनोद कसा घडवते हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण प्रेक्षकाची फसगत तिथेच होते. या प्रकारात ध्वनिमुद्रित हशा नसतो. कॅमेरा किंचित हलता असतो, कधी तो दाराआडून पाहतो, कधी उशिरा पोहोचतो. या सगळ्यामुळे दृश्य रचलेले नसून सापडलेले आहे असा भास होतो. 2001 मध्ये बीबीसीवर आलेल्या 'द ऑफिस'ने हे तंत्र घरोघरी पोहोचवले आणि पात्राने कॅमेऱ्याकडे टाकलेला क्षणभराचा कटाक्ष ही त्याची ओळखीची खूण झाली. त्या कटाक्षातून पात्र प्रेक्षकाला आपल्या बाजूला ओढते. दुसरे साधन म्हणजे मुलाखत. घडलेला प्रसंग एकीकडे आणि त्याबद्दल पात्र कॅमेऱ्यासमोर बसून जे सांगते ते दुसरीकडे. या दोहोंमधील तफावत हाच विनोद असतो.

जोडप्याच्या मॉक्युमेंटरीत या मुलाखतीला आणखी एक परिमाण मिळते. दोघे शेजारी शेजारी सोफ्यावर बसलेले असतात. एक बोलत असतो आणि दुसऱ्याचा चेहरा त्या बोलण्यावर भाष्य करत असतो. बोलणाऱ्याला तो चेहरा दिसत नाही, आपल्याला दिसतो. मग दोघांची स्वतंत्र मुलाखत येते आणि मघाशी सोफ्यावर दडपलेले वाक्य तिथे उच्चारले जाते. लग्नाच्या नात्यात जे सांगितले जाते, जे चारचौघांत गिळले जाते आणि जे पाठीमागे बोलले जाते, त्या तिन्ही पातळ्या एका मिनिटाच्या चित्रणात उभ्या राहतात. लग्नाबद्दल इतक्या कमी शब्दांत इतके सांगणारे दुसरे साधन दूरचित्रवाणीपाशी मला तरी दिसत नाही. पण हे साधन वापरायचे तर चेहऱ्यावरची ती प्रतिक्रिया नेमक्या क्षणी यावी लागते, पुरेशी टिकावी लागते आणि योग्य जागी कापली जावी लागते. हे काम अभिनेत्याचे आणि संकलकाचे आहे. ज्या कटाक्षात प्रेक्षक घटस्फोटाची पूर्वचिन्हे शोधतो, तो कटाक्ष कदाचित चौथ्या चित्रणातून निवडलेला असतो, कारण आधीच्या तीन वेळा तो विनोदाला अर्ध्या सेकंदाने उशिरा आलेला असतो. मालिकेत मिळालेला पुरावा त्या निवडीचा असतो. संसाराचा तो पुरावा नव्हे.

विनोदी जोडप्याने स्वतःच्या नावाने स्वतःचे लग्न रंगवणे ही काही या दशकातली नवलाई नाही. अमेरिकेत जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या पती-पत्नींनी 1950 ते 1958 या काळात सीबीएस या वाहिनीवर स्वतःच्याच नावाची मालिका केली. त्यात जॉर्ज प्रसंगातून बाहेर येऊन थेट प्रेक्षकांशी बोलत असे, आणि पुढे पुढे तर आपल्या खोलीतल्या दूरचित्रवाणी संचावर चालू कथानकातील इतर पात्रे काय करत आहेत हेही पाहत असे. म्हणजे कथेच्या आत राहून कथेकडे बोट दाखवण्याची मॉक्युमेंटरीची मूळ क्लृप्ती तिथे होतीच. त्यांच्या मुलानेही त्यात स्वतःच्या नावाने काम केले. ब्रिटनमध्ये बेन लायन आणि बीबी डॅनियल्स या मूळच्या अमेरिकन जोडप्याने 1950 ते 1961 पर्यंत बीबीसी रेडिओवर 'लाइफ विथ द लायन्स' चालवले आणि त्यात त्यांची मुले रिचर्ड आणि बार्बरा हीही स्वतःच्या नावांनी होती.

ग्रेसी ॲलन यांचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. सुरुवातीला जोडीत विनोदी बाजू जॉर्जकडे होती आणि ग्रेसी त्याला सरळ प्रश्न विचारत असे. लोक तिच्या साध्या प्रश्नांनाच हसतात हे लक्षात आल्यावर जॉर्जने भूमिका उलटवल्या. पुढे अनेक वर्षे लोकांनी ग्रेसीच्या भोळ्या, उफराट्या बोलण्यावर प्रेम केले आणि अनेकांना ती खरोखरच तशी वाटली. प्रत्यक्षात ते बोलणे कमालीचे अवघड होते. उफराट्या तर्काचे लांबलचक संवाद पाठ करून ते अगदी सहज सुचल्यासारखे म्हणायचे, तर बुद्धी आणि शिस्त दोन्ही अव्वल दर्जाची लागते. सरळ तर्काच्या वाक्याला पुढचे वाक्य आपणहून आठवते. उफराट्या तर्कात तो आधार नसतो. तरीही लोकांनी श्रेय दिले ते तिच्या स्वभावाला. कसबाची दखल फार थोड्यांनी घेतली.

लूसी बोमाँट यांच्या बाबतीतही तेच होताना दिसते. पडद्यावरची लूसी विसरभोळी आहे, कल्पनांच्या मागे वाहवत जाते, सुरू केलेले काम अर्धवट टाकते. ही लूसी ज्या स्त्रीने लिहिली, तिने पाच सीझनच्या संहितेचे काम पूर्ण केले. या साध्या विसंगतीकडे लक्ष दिले तरी पात्र आणि लेखिका यांतील अंतर स्पष्ट व्हावे. विनोदी पुरुषाच्या बाबतीत आपण 'त्याने ही भूमिका छान उभी केली' असे म्हणतो. विनोदी स्त्रीच्या बाबतीत मात्र 'ती आहेच तशी' असे म्हणून मोकळे होतो. मालिकेला संसाराचे चित्रण मानण्यात पहिले नुकसान होते ते या लेखनश्रमाचे, आणि बहुतेक वेळा ते श्रम बाईचे असतात. खासगीपणाचा प्रश्न त्यानंतर येतो.

अर्थात विरोधी बाजूला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. आक्षेप असा: तुम्ही खरे नाव वापरता, खरा जोडीदार बरोबर घेता आणि 'हे खरे असेल का' या प्रेक्षकाच्या कुतूहलावर मालिका चालवता. पात्रांना वेगळी नावे दिली असती तर हीच संहिता इतकी पाहिली गेली नसती. कुतूहलाचा फायदा घ्यायचा आणि कुतूहल दाराशी आले की दार लावायचे, हा दुटप्पीपणा नव्हे काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यातील पहिला भाग खरा आहे. खऱ्या नात्याची ऊब या मालिकेच्या भांडवलाचा भाग होती. विनोदी भांडण पाहताना प्रेक्षक निश्चिंतपणे हसतो, ते दोघे रात्री एकाच घरी जाणार आहेत या विश्वासावर. घटस्फोटानंतर तेच भाग पाहताना ती निश्चिंती राहत नाही आणि प्रेक्षकाला आपले काहीतरी हिरावल्यासारखे वाटते. ही हळहळ मनापासूनची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण हळहळ वाटणे वेगळे आणि जाब विचारणे वेगळे. मालिकेने प्रेक्षकाला दिलेले वचन हसवण्याचे होते. लग्न टिकवण्याचे वचन त्यात कुठेच नव्हते. शिवाय जे रचले आहे ते रचलेले आहे हे तिने लपवले नव्हते. लेखकांची नावे श्रेयनामावलीत होती, प्रसंग उघडउघड अतिशयोक्त होते, ती विनोदी मालिका म्हणूनच दाखवली जात होती. कुतूहलाचा वापर करणे आणि प्रेक्षकाला फसवणे यांत फरक आहे, आणि तो फरक या उघडपणाने पडतो. अमेरिकन अभिनेत्री ल्युसिल बॉल आणि तिचा क्युबन पती डेसी अर्नाझ यांची कहाणी या संदर्भात आठवते. अमेरिकन स्त्रीचे क्युबन पुरुषाशी लग्न झालेले प्रेक्षकांना पटेल का, अशी शंका सीबीएसला होती, प्रत्यक्षात ते दोघे विवाहित असूनही. ही शंका खोटी ठरवण्यासाठी त्यांनी 1950 मध्ये रंगमंचीय दौरा केला आणि ऑक्टोबर 1951 मध्ये त्या दोघांची 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका सुरू झाली. पुढे दशकाच्या अखेरीपर्यंत देशाने त्यांच्याकडे सुखी जोडपे म्हणून पाहिले. 2 मार्च 1960 रोजी त्यांनी एकत्रित कामाचा शेवटचा भाग चित्रित केला आणि दुसऱ्याच दिवशी ल्युसिलने घटस्फोटासाठी अर्ज दाखल केला. त्या शेवटच्या भागातही दोघांनी विनोद नेमका वठवला. त्यांनी आपले काम चोख केले, एवढाच त्याचा अर्थ होतो. आधीची सगळी वर्षे त्यांनी खोटेपणा केला, असे त्यावरून म्हणणे अन्यायाचे आहे. आज ते भाग पाहणाऱ्याला हसू येते ते तितकेच खरे आहे.

मॉक्युमेंटरीच्या प्रामाणिकपणाची खरी कल्पना येते ती तिच्या शेजारी खरेपणाचा दावा करणारे प्रकार ठेवल्यावर. 1973 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही बारा भागांची मालिका आली. कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या लाउड कुटुंबात कॅमेरा पथक महिनोन्‌महिने वावरले आणि पॅट लाउड यांनी नवऱ्याला घर सोडून जायला सांगितले तो क्षणही चित्रित झाला. प्रक्षेपणानंतर सारा देश त्या कुटुंबाचा न्यायनिवाडा करू लागला आणि निवडक संकलनामुळे आपले विपर्यस्त चित्र उभे राहिले, अशी तक्रार कुटुंबाने केली. त्यांच्या आयुष्याची कथा त्यांनी लिहिलेली नव्हती. काय ठेवायचे आणि काय कापायचे, याचा निर्णय दुसऱ्यांच्या हाती होता. रिचर्डसन-बोमाँट यांच्या मालिकेत पत्नी स्वतः लेखिका होती. आपल्या संसारातले काय बाहेर जाईल, कोणत्या रूपात जाईल आणि काय कधीच जाणार नाही, हे ठरवण्याची सत्ता तिच्या हाती होती. कल्पिताचा पडदा इथे ढालीचे काम करतो, आणि सतत लोकांसमोर राहणाऱ्या माणसाला अशी ढाल वापरण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

आज आपल्याकडे जोडप्यांच्या दैनंदिन व्लॉगचे जे पीक आले आहे, मराठीतही आणि हिंदीतही, त्यांच्यापाशी ही ढाल नसते. तिथे दावा असतो तो थेट आयुष्य दाखवण्याचा. सकाळचा चहा, सासूशी झालेला वाद, दवाखान्यातली भेट, मुलाचा ताप, सगळे 'आज काय घडले' म्हणून येते. त्यातही योजना असते, पुन्हा घेतलेली दृश्ये असतात, प्रायोजकाचे उत्पादन टेबलावर ठेवलेले असते, पण हे रचलेले आहे असे कुठेही म्हटलेले नसते. प्रेक्षकाला फसवण्याचा आरोप करायचाच असेल तर तो या प्रकाराकडे वळला पाहिजे. मॉक्युमेंटरी आपण खोटे सांगत आहोत हे मान्य करून नात्यातले काहीतरी खरे सांगते. व्लॉग खरे सांगत असल्याचा दावा करतो आणि त्या दाव्याच्या ओझ्याखाली जोडप्याला रोज काहीतरी घडवावे लागते.

मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदावर महाराष्ट्राने जीव लावला आणि त्या प्रेमात त्यांचा संसारही नकळत आपल्या घरातला मानला. 1990 मध्ये सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी सहजीवनाबद्दल, नवऱ्याच्या स्वभावाबद्दल आणि स्वतःबद्दलही परखडपणे लिहिले, तेव्हा अनेक वाचक अस्वस्थ झाले. ज्याने आपल्याला इतके हसवले, त्याच्या घरात रुसवे, एकटेपणा आणि न बोललेल्या तक्रारी असतील हे स्वीकारणे त्यांना जड गेले. ते पुस्तक आत्मकथन होते आणि ही मालिका कल्पित आहे, हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे वाचक-प्रेक्षकाची मागणी एकच दिसते: विनोदकाराने मंचावर दिलेला आनंद त्याच्या घरातही असलाच पाहिजे. ही मागणी प्रेमातून येते म्हणून ती न्याय्य ठरत नाही. सुनीताबाईंनी आपल्या संसाराबद्दल काय आणि किती सांगायचे हे स्वतः ठरवले. लूसी बोमाँट यांनी विनोदाच्या मार्गाने तेच केले. आपल्या नात्याची कथा कोणत्या प्रकारात सांगायची आणि ती कुठे थांबवायची, हे ठरवण्याचा त्या दोघींचा अधिकार सारखाच आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे. दोन प्रौढ माणसे समजून-उमजून स्वतःची नावे पणाला लावतात तोवर मला कोणताही नैतिक आक्षेप दिसत नाही. आक्षेप सुरू होतो तो मुलांपाशी. विनोदी जोडप्याच्या आयुष्यावरची मालिका म्हटली की आई-बाप म्हणून त्यांचे वागणे हा विषय येणारच, आणि मूल या ना त्या रूपात कथेत येणार. इथे पुन्हा 'आय लव्ह लूसी'चे उदाहरण बोलके आहे. 19 जानेवारी 1953 रोजी सकाळी ल्युसिलने मुलाला जन्म दिला आणि त्याच रात्री पडद्यावरच्या लूसीलाही मुलगा झाला. तो भाग आधीच चित्रित झाला होता. सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो पाहिला, दुसऱ्या दिवशीच्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षाही अधिक. एप्रिलमध्ये 'टीव्ही गाइड'च्या पहिल्या राष्ट्रीय अंकाच्या मुखपृष्ठावर त्या बाळाचे छायाचित्र आले, सोबत त्याला पाच कोटी डॉलरचे बाळ म्हणणारी ओळ. मालिकेतील मुलाला वेगळे नाव होते आणि त्याची भूमिका दुसऱ्याच बालकलाकारांनी केली. तरीही लोक दोघांची गल्लत करत राहिले. नाव वेगळे ठेवूनही इतके होते, तर नाव तेच ठेवल्यावर काय होईल याचा अंदाज करता येतो. ज्या मुलाला अजून स्वतःचे नाव लिहिता येत नाही, त्या मुलाची एक सार्वजनिक आवृत्ती तयार होते आणि शाळेत, मैत्रीत, पुढे नोकरीतही ती त्याच्या आधी जाऊन पोहोचते. आई-वडील वेगळे झाले तर त्यांचे जुने विनोदी भांडण वर्गमित्रांच्या फोनवर असते.

आई-वडिलांची संमती इथे पुरेशी मानता येत नाही, कारण संमती देणारे आणि लाभ घेणारे तेच असतात. ब्रिटनमधील प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमच्या संहितेने हे ओळखले आहे. अठरा वर्षांखालील सहभागींच्या शारीरिक आणि भावनिक स्वास्थ्याची आणि प्रतिष्ठेची काळजी घेण्याचे बंधन वाहिनीवर आहे, आणि मुलाने किंवा पालकाने संमती दिली असली तरी ते बंधन सुटत नाही. फ्रान्सने ऑक्टोबर 2020 मध्ये ऑनलाइन चित्रफितींतून काम करणाऱ्या मुलांसाठी कायदा केला आणि आपल्याबद्दलचा मजकूर काढून टाकण्याची मागणी पालकांच्या परवानगीशिवाय करण्याचा हक्क मुलांना दिला. अमेरिकेत इलिनॉय राज्याचा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. कौटुंबिक व्लॉगमध्ये ठरावीक प्रमाणाबाहेर दिसणाऱ्या मुलाच्या वाट्याची कमाई बाजूला ठेवण्याचे बंधन तो घालतो. यामागचा विचार जुनाच आहे. जॅकी कूगन या बालनटाची कमाई पालकांनी संपवली, त्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या पैशाला संरक्षण दिले. फरक एवढाच की तेव्हा मूल कोणा दुसऱ्याची भूमिका करत होते, आज ते स्वतःचीच भूमिका करते.

भारतात 2016 च्या बालकामगार दुरुस्ती कायद्याने मनोरंजन क्षेत्रातील बालकलाकारांना अटींसह सूट दिली आणि 2017 च्या नियमांनी त्या अटी स्पष्ट केल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि उत्पन्नाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवला पाहिजे. हे नियम चांगले आहेत, पण निर्माता, चित्रीकरणाची जागा आणि ठरलेल्या वेळा असलेले काम डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलेले आहेत. स्वतःच्या स्वयंपाकघरात आई-वडिलांच्या फोनपुढे रोज उभे राहणारे मूल त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. घरात चित्रीकरणाचे तास कोण मोजणार आणि परवानगी कोण मागणार?

म्हणून माझे म्हणणे दोन्ही बाजूंनी ठाम आहे. मराठीत एखाद्या विनोदी जोडप्याने उद्या स्वतःच्या नावाने मॉक्युमेंटरी केली तर तिचे मी स्वागत करीन. महाराष्ट्रात एकत्र काम करणारी नट-विनोदकार जोडपी आहेत, उत्तम लेखक आहेत, आणि संसारातील बोललेले आणि न बोललेले यांतील अंतर आपल्या प्रेक्षकाला चांगलेच ठाऊक आहे. अशा मालिकेचे परीक्षण लिहिणाऱ्याने 'हे दोघे खरेच असे आहेत का' हा प्रश्न बाजूला ठेवून संहिता कशी आहे, मुलाखती आणि प्रसंग यांची वीण कशी आहे, संकलन कुठे चुकले आहे हे लिहावे. मुलाखतकारानेही त्या दोघांना घरची भांडणे विचारण्याऐवजी एखादा प्रसंग कसा लिहिला गेला ते विचारावे, कारण त्याचे उत्तर देताना त्यांना काही लपवावे लागणार नाही. निर्मात्याने मुलाच्या भूमिकेसाठी प्रशिक्षित बालकलाकार घ्यावा, त्या पात्राला वेगळे नाव द्यावे आणि जोडप्याच्या स्वतःच्या मुलाचा चेहरा प्रसिद्धीच्या छायाचित्रांतही वापरू नये. वाहिनीने हे करारातच लिहून घ्यावे, म्हणजे पुढे मालिका लोकप्रिय झाली आणि 'मुलाला एकदा तरी दाखवा' अशी मागणी वाढली, तरी ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडेच राहणार नाही. आणि घरगुती व्लॉगमध्ये नियमित दिसणाऱ्या मुलांनाही 2017 च्या नियमांतील मुदत ठेवीची तरतूद लागू करावी, तसेच सज्ञान झाल्यावर आपले चित्रण हटवून घेण्याचा हक्क त्यांना कायद्याने द्यावा, ही मागणी महाराष्ट्रातील प्रेक्षक, पालक आणि कलावंत संघटनांनी सरकारकडे आताच केली पाहिजे, कारण या व्लॉगमधून रोज दिसणारी पहिली पिढी आता शाळेत जाऊ लागली आहे.